कडेवर सुटलेला बेल्ट: जड वाहनाच्या रेडिअल टायरचं एक प्रकरण

हमीखाली आमच्याकडे परत आलेल्या बहुतेक ट्रक टायरांवर नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. झिजून गुळगुळीत झालेला टायर परत आला तर कुणाला नवल वाटत नाही. पण निम्मा ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा थर) बाकी असताना शोल्डरवर, म्हणजे ट्रेड आणि बाजूची भिंत जुळते त्या कडेवर, फुगा येतो आणि टायर उतरवावा लागतो, तेव्हा केसिंगच (ट्रेडखालचा सगळा सांगाडा) गेलेलं असतं. जड वाहनाच्या टायरचं खरं मोल केसिंगमध्येच असतं. ट्रेड संपला की रिट्रेड करून, म्हणजे नवा ट्रेड चढवून, तेच केसिंग पुन्हा रस्त्यावर यावं, या हिशेबानं ते बांधलेलं असतं. इथे पहिलंच आयुष्य पुरं होत नव्हतं. काही टायर चालत्या गाडीत फुटले होते. भरधाव ट्रकच्या चाकावरून उडालेला ट्रेडचा पट्टा मागच्या वाहनावर आदळला तर जीव जातो. म्हणून हमीचे दावे निकाली काढून मोकळं व्हायचं नाही, कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही, हे आमच्या गटात पहिल्याच बैठकीत ठरलं.

टायर होता २९५/८० आर २२.५, ट्यूबलेस, पूर्ण स्टीलचा, ड्राइव्ह अ‍ॅक्सलवर जोडचाकांत बसणारा. भार निर्देशांक १५२/१४८, म्हणजे एकट्या चाकाला ३,५५० किलो आणि जोडीतल्या प्रत्येक टायरला ३,१५० किलो. हवेचा दाब ८.५ बार, म्हणजे सुमारे १२३ पीएसआय. आत एकच स्टील कॉर्डची कारकस प्लाय, म्हणजे सांगाड्याचा थर, एका बीडपासून (रिमवर घट्ट बसणारी टायरची कड) दुसऱ्या बीडपर्यंत आडवी ९० अंशांत. तिच्यावर, ट्रेडखाली, स्टीलच्या तारांचे चार पट्टे, म्हणजे बेल्ट. त्यांतला दुसरा आणि तिसरा हे खरे कामाचे बेल्ट. दोघांच्या तारा परिघाच्या रेषेशी साधारण १८ अंशांत, पण एकमेकींच्या उलट दिशेला.

मिशलँ कंपनीनं रेडिअल टायरचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ मध्ये तो बाजारात आणला. ट्रकचा रेडिअल १९५२ चा. तिरप्या प्लायच्या जुन्या टायरात सगळेच थर एकमेकांवर घासत, त्यामुळे उष्णता सगळ्या अंगभर पसरलेली असे. रेडिअलनं साइडवॉल (बाजूची भिंत) लवचीक ठेवली आणि ट्रेड बेल्टांनी घट्ट आवळला. टायर थंड चालायला लागला, दीर्घायुषी झाला. पण त्या आवळण्याचा सगळा हिशेब बेल्टांच्या कडेवर येऊन चुकता होतो. आमच्या टायरांवरचे फुगेही नेमके तिथेच होते.

कापण्याआधी

टायर हातात आला की लगेच करवत लावायची घाई होते. आम्ही आधी वर्गवारी केली: कोणत्या अ‍ॅक्सलचा, डाव्या की उजव्या बाजूचा, जोडीतला आतला की बाहेरचा, उत्पादनाचा आठवडा कोणता. उत्पादनाच्या तारखांमध्ये काही सूत्र दिसलं नाही. म्हणजे कारखान्यातली एखादी बिघडलेली बॅच हे कारण नव्हतं. सूत्र दिसलं ते जागेत. आतल्या चाकांचे टायर ठळकपणे जास्त होते.

त्याला तीन कारणं संभवतात आणि तिन्ही एकाच दिशेला ढकलतात. आतलं चाक ब्रेक ड्रमला जवळ, त्याला वारा कमी लागतो. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे जोडीतल्या आतल्या टायरवर भार थोडा जास्त पडतो. आणि तिसरं कारण माणसाचं: आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून तिथली हवा तपासली जात नाही. वाहतूकदाराकडच्या नोंदवह्यांत बाहेरच्या चाकांचे दाब लिहिलेले होते. आतल्यांचे रकाने बरेचसे कोरे, नाहीतर बाहेरचाच आकडा पुन्हा उतरवलेला.

हे कळल्यावर बैठकीत सूर निघाला की दोष वापरणाऱ्याचा आहे, फाइल बंद करावी. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा कमी राहणार, हे जगभरातल्या वाहतुकीचं वास्तव आहे. रस्त्यावर जे घडतं ते सोसायलाच टायर बांधायचा असतो. शिवाय बाहेरचे टायरही येत होतेच, फक्त उशिरा.

कापल्यावर

टायरचा आडवा छेद घेतला की शोल्डरचा भाग उघडा पडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेल्टच्या मधे, कडेपासून आत गेलेली एक चीर. चिरेचे दोन्ही पृष्ठभाग चकचकीत, घासून गुळगुळीत झालेले. म्हणजे बेल्ट एका झटक्यात सुटला नव्हता, सुटलेल्या अवस्थेत टायर बराच काळ धावत होता. फुगा फार उशिरा दिसतो.

मग आम्ही वेगळं न झालेल्या भागातून पट्ट्या कापून बेल्ट हातानं आणि यंत्रानं सोलले. सगळ्यात जास्त सांगून गेल्या त्या तारा. स्टील कॉर्डवर पितळेचा पातळ मुलामा असतो. क्युरिंगच्या वेळी, म्हणजे साच्यात उष्णतेनं रबर पक्कं करताना, रबरातलं गंधक त्या पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतं आणि कॉपर सल्फाइडचा अतिसूक्ष्म थर रबर-स्टीलला जखडून ठेवतो. हे बंधन तुटलं असतं तर सोललेली तार उघडी, पिवळसर दिसली असती. आमच्या तारांवर रबराचं पूर्ण आवरण होतं. रबर तारेपासून सुटलं नव्हतं, रबर रबरापासून फाटलं होतं. अपवाद काही टायरांचा: त्यांत ट्रेडच्या कापातून पाणी शिरून तारा गंजलेल्या होत्या. ते टायर आम्ही वेगळे काढले, त्यांचं दुखणं निराळं होतं.

आता कडेवरची तारेची टोकं. बेल्ट कापूनच बनवतात, त्यामुळे प्रत्येक तारेच्या कापलेल्या तोंडावर पितळ नसतं, उघडं स्टील असतं. तिथे रबर चिकटतच नाही. भिंगाखाली बघितलं तेव्हा प्रत्येक टोकाभोवती टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी दिसत होती. सुरुवातीच्या भागात या पोकळ्या सुट्या सुट्या. पुढच्या भागात शेजारशेजारच्या पोकळ्या एकमेकींना मिळालेल्या, आणि त्यांची परिघाभोवती फिरणारी सलग चीर झालेली. मग ती चीर वळून दोन बेल्टांच्या मधे आत शिरलेली. एकाच टायरच्या परिघावर सगळ्या पायऱ्या ओळीनं पाहायला मिळाल्या.

पोकळी प्रत्येक टायरात होतीच, चांगल्या चाललेल्या टायरातही. त्यामुळे आमचा प्रश्न बदलला. चीर सुरू का होते, याचं उत्तर कापलेल्या तोंडात होतं आणि ते टाळता येण्यासारखं नव्हतं. शोधायचं होतं ते हे की या टायरात पोकळ्या इतक्या लवकर एकमेकींना का मिळतात.

कडेवर काय होतं

टायर जमिनीला टेकतो तिथे तो सपाट होतो. त्या क्षणी उलट कोनांतले दोन बेल्ट कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर सरकू पाहतात. मधल्या भागात तारा लांबवर रबरात रुतलेल्या असल्यानं त्यांना सरकता येत नाही. टोकं मात्र मोकळी. सगळी सरक तिथे गोळा होते आणि दोन बेल्टांमधल्या रबराच्या वाट्याला ती कातर-ताण म्हणून येते. या मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ३१४ फेरे घेतो. ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला ७ फेरे. १ लाख किलोमीटरमध्ये कडेवरचा तोच कण ३ कोटींहून जास्त वेळा ताणला जातो.

यावर आलेली पहिली सूचना सगळ्यांना सुचते तीच होती: बेल्टमधलं रबर आणखी कडक, आणखी मजबूत करा. कागदावर तोडण्याची ताकद वाढलेली दिसते, म्हणून ती सूचना मोहात पाडते. पण कडेवरची सरक रबर ठरवत नाही, स्टील ठरवतं. सरक जवळपास ठरलेली असेल, तर रबर जितकं कडक तितकी त्यात साठणारी ऊर्जा जास्त, आणि चीर पुढे ढकलायला मिळणारं बळही जास्त.

रबरातली चीर किती वेगानं वाढेल याचं माप म्हणजे फाडण्याची ऊर्जा. रिव्हलिन आणि थॉमस यांनी १९५३ मध्ये ही कल्पना मांडली. पातळ थरात दोन बाजू ठराविक अंतरानं सरकत असतील, तर ही ऊर्जा रबराच्या कडकपणाच्या आणि सरकेच्या वर्गाच्या सम प्रमाणात, पण थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. नैसर्गिक रबरात चिरेच्या वाढीचा वेग या ऊर्जेच्या साधारण दुसऱ्या घातानुसार जातो. म्हणजे कडेवरचं रबर दुप्पट जाड केलं तर ऊर्जा निम्मी आणि वेग चौथाई. रबर दुप्पट कडक केलं तर ऊर्जा दुप्पट, वेग चौपट. या एका हिशेबानं बैठकीतला वाद मिटला.

आमच्या टायरात दोन बेल्टांच्या कडांमधे जेमतेम २ मिलिमीटर रबर होतं. त्यातून तिसऱ्या बेल्टची रुंदी दुसऱ्याच्या इतकी जवळ होती, की जुळणीत थोडं इकडेतिकडे झालं तर दोन्ही कडा एकावर एक येत. छेदांमध्ये काही ठिकाणी त्या तशा आलेल्या दिसल्याच.

उष्णता आणि प्राणवायू

शोल्डर हा टायरचा सर्वांत जाड भाग. रबर उष्णतेचं फार वाईट वाहक. साध्या स्टीलच्या तुलनेत त्याची उष्णता-वाहकता शंभरपटीहून कमी. प्रत्येक फेऱ्यात रबर ताणतं आणि सुटतं, त्यातली थोडी ऊर्जा परत न येता उष्णता होऊन आतच राहते. आम्ही ड्रमवर टायर चालवून, थांबवून, शोल्डरला आधीच पाडलेल्या बारीक छिद्रांत सुईचा थर्मोकपल घालून तापमान मोजलं. पृष्ठभागावर हात ठेवता येत होता, तेव्हाही बेल्टची कड त्याहून कितीतरी तापलेली होती. हवा कमी केली की आकडा झपाट्यानं चढे. रबराच्या ऑक्सिडेशनचा, म्हणजे प्राणवायूशी होणाऱ्या संयोगाचा, वेग दर १० अंश सेल्सिअसला ढोबळमानानं दुप्पट होतो. त्यामुळे कडेवर वाढलेले थोडे अंशही वर्षभरात फार मोठी किंमत वसूल करतात.

ऑक्सिडेशनला लागणारा प्राणवायू आतून येतो, बाहेरून नव्हे, हे ऐकून दुरुस्ती विभागातल्या सहकाऱ्यांनाही आश्चर्य वाटलं. ८.५ बार दाबाच्या हवेत प्राणवायूचा आंशिक दाब बाहेरच्या हवेच्या साडेनऊ पट असतो. इनर लायनर, म्हणजे टायरचं आतलं अस्तर, हॅलोब्यूटाइल रबराचा असतो आणि हवा अडवायचं काम करतो, पण अगदी शून्य गळती कोणताच लायनर देत नाही. जे झिरपतं ते कारकस ओलांडून बेल्टपर्यंत पोहोचतं आणि तिथल्या तापलेल्या रबराला हळूहळू ठिसूळ करतं. आमच्या लायनरची सरासरी जाडी ठीक होती. शोल्डरच्या वळणावर मात्र तो ताणला जाऊन पातळ झालेला होता, म्हणजे नेमकी जिथे त्याची जाडी लागत होती तिथे. नायट्रोजन भरून हा त्रास कमी होतो हे खरं आहे, पण दाबच कमी असेल तर नायट्रोजनचा टायरही तापतोच. आधी दाब, मग वायू कोणता ते.

काय बदललं

कडांमधलं रबर २ वरून साडेतीन मिलिमीटरवर नेलं, निमुळत्या पाचरीच्या आकारात, म्हणजे बेल्टच्या आतल्या भागात विनाकारण जाडी वाढू नये. पाचरीचं कंपाउंड बेल्टच्या रबरापेक्षा मऊ आणि कमी तापणारं, संपूर्ण नैसर्गिक रबराचं. नैसर्गिक रबर जास्त ताणलं गेलं की चिरेच्या टोकाशी त्याचे रेणू ओळीनं बसून स्फटिक तयार होतात आणि चीर अडते. हा गुण इथे दुसऱ्या कोणत्याही रबरातून तितका मिळत नाही. तिसरा बेल्ट अरुंद केला, म्हणजे जुळणीतला फरक धरूनही दोन्ही कडा एकावर एक येणार नाहीत.

जाडी वाढवल्यानं एक अडचण हमखास येते. पाचरीत तयार होणारी उष्णता घटते, पण वर ट्रेडचा जाड थर तसाच राहिला तर उष्णता बाहेर पडण्याची वाट लांबते. म्हणून शोल्डरच्या बाहेरच्या बाजूचा उतार खोल केला आणि ट्रेडखालचं रबर तिथे कमी केलं. यावर विक्री विभागाची नाराजी होती. भरदार शोल्डर दिसायला दणकट वाटतो आणि ग्राहक तोच मागतो. त्यांना थर्मोकपलचे आकडे दाखवले.

दोन्ही शोल्डरांवर शून्य अंशाचा बेल्ट घातला, म्हणजे परिघाच्या दिशेनं गुंडाळलेली स्टील कॉर्ड. ती कडेची सरक मुळातच कमी करते. फाडण्याची ऊर्जा सरकेच्या वर्गानं बदलत असल्यानं इथला थोडा फायदाही मोठा. पण साधी स्टील कॉर्ड इथे चालत नाही. मोल्डमध्ये टायर थोडा फुगतो, तेव्हा परिघाभोवतीची तार लांबू शकली नाही तर ती खालच्या रबरात रुतते. त्यासाठी जास्त लांबणारी खास विणीची कॉर्ड लागते, जी सुरुवातीला सैल ताणते आणि मग एकदम घट्ट होते.

बेल्टच्या रबरात पितळेशी बंधन पक्कं करण्यासाठी कोबाल्टचे क्षार घालतात. आमच्याकडे बंधन उत्तमच होतं, हे तारांनी आधीच सांगितलं होतं. कोबाल्ट जास्त झाला तर तोच रबराच्या ऑक्सिडेशनला हातभार लावतो, म्हणून त्याचं प्रमाण खाली आणलं. शोल्डरच्या वळणावर लायनर जाड केला. क्युरिंग थोड्या कमी तापमानावर, जास्त वेळ ठेवलं. जाड शोल्डर पक्का होईपर्यंत पातळ भाग करपत जाणं, ही ट्रक टायरच्या क्युरिंगमधली जुनी ओढाताण आहे. नैसर्गिक रबर फार तापलं की गंधकाचे बंध उलट तुटू लागतात आणि ताकद उतरते.

पारख

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ५४ मधली सहनशक्ती चाचणी साधारण १.७ मीटर व्यासाच्या ड्रमवर होते: ७ तास ६६ टक्के भारावर, १६ तास ८४ टक्के, २४ तास १०१ टक्के. सलग ४७ तास. जुना टायरही ती आरामात पार करत होता. टायर सुरक्षित असल्याची किमान खात्री देण्यापुरती ती चाचणी योग्य आहे, पण दोन रचनांमधला फरक ती दाखवू शकत नव्हती.

मग भार पायरीपायरीनं वाढवत टायर निकामी होईपर्यंत चालवायचं ठरलं. इथे फसगत होण्याचा धोका असतो. ड्रम वक्र असल्यानं टायर सपाट रस्त्यापेक्षा जास्त दबतो आणि पुष्कळदा बीडपाशी मोडतो. तास भरपूर भरतात, अहवाल छान दिसतो, पण रस्त्यावरचा टायर बेल्टच्या कडेवर मोडत असेल तर त्या तासांना अर्थ नाही. म्हणून आम्ही तासांआधी मोडण्याची जागा पाहायची, असा नियम केला. प्राणवायूचं प्रमाण वाढवलेली हवा भरून टायर आधी भट्टीत जुना करायचा आणि मग मध्यम भारावर लांब चालवायचा, या पद्धतीत जुन्या रचनेचे टायर अखेर कडेवरच सुटू लागले. छेदात तीच पोकळ्यांची माळ, तोच चकचकीत पृष्ठभाग. त्यानंतरच नव्या रचनेची तुलना सुरू केली.

रस्त्यावर एकाच अ‍ॅक्सलला एका बाजूला जुनी जोडी, दुसऱ्या बाजूला नवी, आणि ठरावीक अंतरानंतर बाजू बदलायच्या. वाहतूकदारानं आपल्याकडून दोन गोष्टी मान्य केल्या. आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी जोडून हवा थंड टायरात तपासायची. आणि दाब शिफारशीच्या ८० टक्क्यांवर किंवा त्याखाली गेलेला टायर नुसती हवा भरून पुन्हा जोडायचा नाही, उतरवून आतून-बाहेरून तपासायचा. असा टायर चालला असेल तर साइडवॉलमधल्या तारा थकून तुटलेल्या असू शकतात आणि हवा भरतानाच तो चेन उघडावी तसा फाटतो. म्हणून हवा भरणं पिंजऱ्यातच. या नियमाबाबत आम्ही कुणाशीही तडजोड केली नाही.

निम्मा ट्रेड झिजल्यावर दोन्ही प्रकारचे टायर उतरवून कापले. नव्या रचनेतही तारांच्या टोकाशी पोकळ्या होत्या. त्या सुट्या होत्या. जुन्या रचनेत त्याच टप्प्यावर त्या जोडल्या जाऊन चीर आत वळलेली होती. पुढे ट्रेड संपेपर्यंत चाललेली नव्या रचनेची केसिंग रिट्रेड करणाऱ्याकडे गेली, तिथे निर्वात कक्षात लेझर शिअरोग्राफीखाली (आतले सुटलेले थर लेझरनं दाखवणारी पद्धत) तपासली गेली आणि कडेवर थर सुटलेले न दिसल्यानं घेतली गेली. आतल्या चाकांचीसुद्धा.

टायरचं वजन थोडं वाढलं, बांधणीत एक पायरी वाढली. जिथे भार हलका आणि अंतर कमी आहे अशा वापरासाठी शून्य अंशाचा बेल्ट न घालता फक्त पाचर आणि अरुंद बेल्ट ठेवायचा, असा दुसरा पर्याय आम्ही सुचवला आहे. सरसकट सगळ्या टायरांवर सगळे उपाय लादण्याच्या मी विरोधात आहे.

आता दुसऱ्या आयुष्यातले टायर परत येऊ लागले आहेत, कापण्यासाठी आम्हीच मागवलेले. बेल्टची कड टिकली आहे. चिरा दिसू लागल्या आहेत त्या बीडपाशी, कारकस प्लाय बीडभोवती वळून जिथे संपते त्या टोकाशी. तिथेही तारेचं कापलेलं तोंड आहे, तिथेही पितळ नाही. पण तिथली सरक वेगळी आहे, रिमच्या कडेचा आधार आणि ब्रेकची उष्णता वेगळी आहे, म्हणून बेल्टवरचं उत्तर तिथे उचलून ठेवता येणार नाही. टोकाची उंची बदलून घेतलेले पहिले नमुने सध्या ड्रमवर आहेत.